यमुनेची कहाणी सांगणारे बाबा पदमनजी

भगिनींनो, मराठीतील पहिली कादंबरी कोणती असे कोणी विचारले, तर शाळाकॉलेजात शिकलेल्या आपल्या मुली बहुधा बरोबर उत्तर देतील. परंतु ती पहिली कादंबरी कोणाविषयी लिहिली गेली, असे विचारले तर थोडे थांबावे लागेल. राजाराणीविषयी ती नाही आणि कोणा शूर सरदाराविषयीही नाही. कपाळीचे कुंकू पुसल्या गेलेल्या, घराच्या कोपऱ्यात बसविल्या गेलेल्या आपल्यासारख्याच बायकांविषयी ती आहे. तिचे नाव 'यमुनापर्यटन', प्रकाशनाचे वर्ष १८५७ आणि लेखक बाबा पदमनजी. हे गृहस्थ जन्माने हिंदू कासार आणि पुढे स्वेच्छेने ख्रिस्ती झालेले. मराठी वाङ्मयाच्या ओसरीवर त्यांना फार वर्षे बाहेरच उभे राहावे लागले. आत या, बसा, असे त्यांना म्हणायला मराठी समाजाला पुष्कळ काळ लागला. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्यांची ओळख करून द्यावी, असे वाटले ते ह्याच कारणाने.

बाबांचा जन्म १८३१ च्या मे महिन्यात बेळगावी झाला. बेळगाव म्हणजे मराठी व कानडी शेजारी शेजारी नांदणारे गाव. आपल्या उमरग्याच्या बायकांस त्याचे नवल वाटावयास नको. आपल्याही बाजारात मराठीबरोबर कानडी कानी पडते, उर्दू तर घरोघर समजते, आणि हैदराबादच्या वाटेने तेलुगू बोलणारी माणसेही येतात. अशा सीमेवरच्या गावात वाढलेल्या मुलाला एक गोष्ट लहानपणीच कळते. ती ही की जग आपल्या आळीएवढेच नसते. पलीकडच्या आळीत निराळ्या रीतीने देव पूजणारी आणि निराळी भाषा बोलणारी माणसे राहतात, व तीही माणसेच असतात.

कासार म्हणजे भांड्यांचा व बांगड्यांचा धंदा करणारा समाज. सवाष्णीच्या हातात बांगड्या भरताना कासार तिला आशीर्वाद देतो, अशी आपली रीत. त्याच समाजात जन्मलेल्या मुलाने पुढे बांगड्या फुटलेल्या हातांची कथा लिहावी, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. बाबांचे वडील मात्र सरकारी नोकरीत होते आणि घर खाऊनपिऊन सुखी होते. घरात देवधर्म कडक असे. बाबाही लहानपणी मोठे श्रद्धाळू होते. पूजाअर्चा, उपासतापास, व्रतवैकल्ये ही त्यांनी मनापासून केली. पुढे ज्याने धर्म सोडला, त्याने तो कधी मनापासून धरलाच नव्हता, असे मानण्याचे कारण नाही. उलट ज्याला धर्माची मुळीच पर्वा नाही, तो तो बदलण्याच्या खटपटीत कशाला पडेल?

बेळगावात लंडन मिशनची शाळा होती. टेलर व बेनन हे पाद्री तेथे होते. बाबा तेथे इंग्रजी शिकले. पुढे काही काळ एडनलाही त्यांचे राहणे झाले आणि मग मुंबईस फ्री चर्च मिशनच्या शाळेत शिक्षण झाले. ते दिवस कसे होते, हे ध्यानी घेतले पाहिजे. छापखाने नुकतेच सुरू झाले होते. मोल्सवर्थसाहेबाचा मोठा मराठी कोश ज्या वर्षी निघाला, तेच बाबांचे जन्मवर्ष. अहमदनगरहून 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती पत्र १८४२ पासून निघू लागले होते. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यास मुलींची शाळा काढली. इकडे शास्त्री-पंडित, तिकडे पाद्री, आणि दोघांच्या मधे इंग्रजी शिकलेली तरुण मुले. त्या मुलांच्या डोक्यात प्रश्नांचे काहूर उठले होते. जातिभेद देवाने केला की माणसाने? विधवेने केस काढलेच पाहिजेत, असे कोणी ठरविले? मुलींना अक्षरे शिकविली तर खरोखरच घरावर संकट येते काय? आणि उत्तर मिळाले तरी ते घरी वडीलधाऱ्यांसमोर बोलण्याची सोय नव्हती.

म्हणून मुंबईतील काही मंडळींनी १८४९ च्या सुमारास परमहंस मंडळी नावाची एक गुप्त सभा काढली. व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे तिच्या प्रमुखांपैकी. जातिभेद मोडावा, एकाच देवाला भजावे, असा तिचा हेतू. सभासद एकत्र जमून परजातीच्या हातचे अन्न खात. मात्र हे सगळे दार लावून! बाहेर पडले की पुन्हा ज्याचे त्याचे सोवळे ज्याच्या त्याच्या अंगावर. बाबा ह्या सभेत होते. पुढे १८६० च्या सुमारास ह्या सभेची कागदपत्रे चोरीस जाऊन नावे फुटण्याची वेळ आली, तेव्हा सभासदांची पांगापांग झाली आणि सभा मोडली. परंतु बाबा त्याच्या आधीच तेथून बाहेर पडले होते. जे मनाला खरे वाटते ते दार लावून करणे त्यांच्या स्वभावाला मानवेना.

ह्याच काळात, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी स्त्रियांच्या विद्याभ्यासावर एक निबंध लिहिला. तो १८५२ साली प्रसिद्ध झाला. धर्मांतर त्यानंतरचे आहे. तेव्हा बायकांविषयीची त्यांची कळकळ पाद्र्यांनी पढविलेली होती, असे कोणी म्हणेल तर ते अर्धवट ठरेल. मिशनच्या शाळेचा संस्कार होता हे खरे. पण डोळे त्यांचे स्वतःचे होते.

शेवटी १८५४ च्या सप्टेंबरात, बेळगावातच, बाबांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईसारख्या परक्या शहरात हे केले असते तर गोष्ट निराळी होती. ज्या गावात आपल्याला सगळे ओळखतात, जेथे आईबाप व भाऊबंद राहतात, त्याच गावात त्यांनी हे पाऊल उचलले. त्या काळी धर्मांतर म्हणजे जिवंतपणीचे मरण असे. जातीने टाकले, पंगत तुटली, पाणी तुटले. वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क धर्म बदलला म्हणून जाऊ नये, असा कायदा सरकारने १८५० साली केला होता खरा. पण आईच्या हातची भाकरी कोणत्या कायद्याने परत मिळणार?

येथे एका स्त्रीची आठवण केली पाहिजे. बाबांचे लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच झालेले होते. त्यांची पत्नी त्यांच्यामागून नव्या धर्मात आली नाही आणि तो संसार तुटला. पुढे बाबांनी ख्रिस्ती समाजात दुसरे लग्न केले. त्या पहिल्या पत्नीचे काय झाले असेल? नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी तो मेला. कुंकू आहे, पण संसार नाही. धर्मांतरामुळे अशी ताटातूट झालेल्या जोडप्यांचा प्रश्न इतका वाढला, की सरकारला १८६६ साली त्यासाठी निराळा विवाहविच्छेदाचा कायदा करावा लागला. बाबांनी आपल्या मनाच्या कौलाप्रमाणे वागून मोठा त्याग केला, हे खरे. पण त्या त्यागाची किंमत घरातल्या एका बाईनेही भरली, आणि तिला कोणी विचारले नव्हते. तिची बाजू तिच्या तोंडून आपल्यापर्यंत आलेली नाही. थोर माणसांची चरित्रे वाचताना आपण बायकांनी तरी ही जागा रिकामी सोडू नये. त्याने बाबांचे थोरपण कमी होत नाही. ते माणसाच्या मापाचे होते, एवढे मात्र कळते.

घर गेले, जात गेली, संसार गेला, अशा स्थितीत तीन वर्षे लोटली, आणि १८५७ साली 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. तेव्हा बाबा सव्वीस वर्षांचे होते. सारा उत्तर हिंदुस्थान त्या वर्षी बंडाने पेटला होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ साली, ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीने हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला होता. कायदा झाला, पण कायद्याने घरातील रीत बदलत नाही. हे जाणूनच की काय, बाबांनी विधवांची स्थिती लोकांच्या डोळ्यांपुढे उभी करण्याचे ठरविले.

कथा अगदी साधी आहे. यमुना ही शिकलेली, समजूतदार मुलगी. तिचा नवरा विनायकराव हाही नव्या विचारांचा. नवराबायको मिळून प्रवासाला निघतात. पंढरपूरसारख्या क्षेत्रासह महाराष्ट्रातील निरनिराळ्या गावी ती जातात, आणि जेथे जातात तेथे त्यांना कोठे ना कोठे एखादी विधवा भेटते. कोणी ब्राह्मणाची, कोणी दुसऱ्या जातीची. कोणी वयात येण्यापूर्वीच विधवा झालेली, कोणी सासरच्या छळाला कंटाळलेली, कोणी आडमार्गाला लागून फसलेली. यमुना त्यांच्याजवळ बसते, त्यांचे ऐकून घेते. आपले दुःख त्या तिला मोकळेपणाने सांगतात, कारण पुरुषाला किंवा परक्याला जे सांगता येत नाही ते बाईला सांगता येते. पुढे विनायकरावाचा अकाली मृत्यू होतो. आतापर्यंत दुसऱ्यांच्या कहाण्या ऐकणारी यमुना आता स्वतःच त्या कहाणीत ओढली जाते. अखेर ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुन्हा लग्न करून नवा संसार थाटते.

ही कथा लिहिण्यात बाबांचे मोठे धैर्य आहे, ते तीन गोष्टींत. पहिली, त्यांनी नायिका केली ती बाई, आणि तीही डोळे उघडे ठेवून हिंडणारी बाई. ज्या काळी चांगल्या घरच्या स्त्रीने उंबऱ्याबाहेर पडणे कठीण, त्या काळी त्यांनी तिला मुलखाची सफर घडविली. दुसरी, नवराबायको एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात, एकमेकांचे मत विचारतात, असे त्यांनी दाखविले. आज त्यात काही विशेष वाटत नाही. परंतु चारचौघांत नवऱ्याचे नावही न घेणाऱ्या समाजात ती केवढी नवलाची गोष्ट असेल! आणि तिसरी, विधवेला पुन्हा संसार करण्याचा अधिकार आहे, हे नुसते सांगून न थांबता त्यांनी आपल्या नायिकेचा संसार पुन्हा मांडून दिला.

आता पुस्तकाचा दोषही सांगितला पाहिजे. बाबा मिशनची माणसे होती तशीच धर्मप्रचारक होते. विधवांच्या दुःखावर ख्रिस्ती धर्म हाच उपाय, अशी त्यांची श्रद्धा होती आणि ती पुस्तकात पानोपानी दिसते. कथा चालू असता मधेच प्रवचन सुरू होते. वाचणाराला कधी कधी वाटते की बाई रडते आहे आणि लेखक तिला पुस्तक वाचून दाखवितो आहे. ह्याच कारणाने मराठी वाङ्मयाच्या पुष्कळ जाणकारांनी फार दिवस ह्या पुस्तकाला कादंबरी म्हणण्याचे टाळले. पहिल्या मराठी कादंबरीचा मान ते लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या १८६१ साली निघालेल्या 'मुक्तामाला' ह्या अद्भुतरम्य कथेला देत. एकीकडे हिंदू वाचकाला पुस्तक परधर्माचे म्हणून नको. दुसरीकडे मिशनच्या दृष्टीने ते अनेक प्रचारपुस्तकांपैकी एक. लेखक म्हणून बाबांना दोन्ही घरचा पाहुणा उपाशी अशी गत सोसावी लागली.

पण हे नवल एकट्या मराठीचे नाही. बंगालीत हॅना कॅथरीन म्यूलेन्स ह्या मिशनरी बाईंनी १८५२ साली फुलमणी व करुणा ह्या दोन बायकांची कथा लिहिली, तीही 'यमुनापर्यटना'प्रमाणेच बंगाली कादंबरीच्या आरंभी कोठे बसवावी ह्याचा वाद झाला. तमिळमधील पहिली कादंबरी १८७९ सालची, आणि तिचे लेखक वेदनायकम् पिळ्ळै हे ख्रिस्तीच. कथा लिहून छापणे हा प्रकार इंग्रजी शिक्षणाबरोबर आला, आणि तो ज्यांच्या हाती आधी पडला त्यांनी आपल्या भाषेत तो आधी आणला, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीनेही एक योगायोग येथे नोंदवावासा वाटतो. त्या वेळी आपला भाग निजामाच्या राज्यातला. पण १८५३ ते १८६० ह्या काळात नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता. तेथे १८५३ पासून १८५७ पर्यंत मेडोज टेलर हा साहेब अधिकारी होता, आणि तोही कादंबरीकार! पुढे १८६३ साली त्याने इंग्रजीत 'तारा' नावाची कादंबरी लिहिली. तिची नायिका आपल्या तुळजापूरच्या शास्त्र्याची मुलगी, आणि तीही बालविधवा. म्हणजे बाबा पदमनजी मराठीत यमुनेची कथा लिहीत होते, तेव्हा आपल्या नळदुर्गात राहणाऱ्या एका साहेबाच्याही डोळ्यांपुढे आपल्याच मुलखातल्या विधवा मुली होत्या. दोघांना जे दिसले ते आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना दिसत नव्हते काय? दिसत असणारच. पण रोज दिसणारी गोष्ट लिहून ठेवावी असे वाटायला थोडे बाहेर उभे राहावे लागते.

कादंबरी लिहून बाबा थांबले नाहीत. पुण्यास मिशनच्या शाळेत ते शिकवीत. १८६७ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा उपाध्याय. जातीने टाकलेल्या माणसाला आता एका मंडळीचे आध्यात्मिक पालकत्व मिळाले. हा आयुष्यातला मोठा चढ म्हणावयाचा. परंतु १८७३ साली त्यांनी ते पद सोडले आणि मुंबईत धर्मपुस्तके काढणाऱ्या संस्थांच्या संपादनाचे काम पत्करले. व्यासपीठापेक्षा लेखणीत त्यांचा जीव अधिक रमत होता. 'सत्यदीपिका', 'उदयप्रभा', 'कुटुंबमित्र', 'ऐक्य' अशा नियतकालिकांशी संपादक म्हणून त्यांचे नाव जोडलेले आहे. लहानमोठी मिळून शंभरावर पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. आजच्यासारखे टंकयंत्र नाही, विजेचा दिवा नाही. दौत, टाक आणि समईचा किंवा कंदिलाचा उजेड. शंभर पुस्तके म्हणजे काय कष्ट असतील, ते घरचा हिशेबाचा कागद लिहितानाही ज्यांचा हात दुखतो त्या आपण जाणू शकतो!

त्यांचे एक काम तर धर्मापलीकडचे आहे. मोल्सवर्थच्या अवाढव्य कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालीच निघाली होती. ती विद्यार्थ्यांच्या हाती धरवेना आणि खिशाला परवडेना. बाबांनी तिचा सारांश करून १८६३ साली एक आटोपशीर मराठी-इंग्रजी कोश काढला. शाळेतील मुलांच्या पिढ्यांनी तो वापरला. ज्या घरात बाबांचे धर्मविषयक पुस्तक कोणी शिवले नसते, त्या घरातील मुलगा त्यांच्या कोशात शब्द पाहत असे. भाषेच्या पंगतीत सोवळेओवळे टिकत नाही, हे ह्यावरून दिसते.

जातिभेदाविरुद्ध लिहिणाऱ्या हिंदू सुधारकांशीही त्यांचा स्नेह राहिला. तुकाराम तात्या पडवळ यांच्या 'जातिभेद विवेकसार' ह्या १८६१ सालच्या गाजलेल्या पुस्तकाशी त्यांचा संबंध होता, आणि जोतीराव फुल्यांच्या परिचितांतही ते होते. धर्म निराळे झाले तरी अन्यायाविषयीची चीड एकच असू शकते, हे त्या पिढीने आपल्याला दाखविले.

उतारवयात, १८८० नंतरच्या दशकात, बाबांनी 'अरुणोदय' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. बालपणापासून बाप्तिस्म्यापर्यंतची हकीकत त्यात आहे. अरुणोदय म्हणजे पहाट. ज्या मार्गाने घर, जात आणि संसार दुरावले, त्याला ते अंधार म्हणत नाहीत, पहाट म्हणतात. त्यांच्या श्रद्धेशी आपण सहमत असू किंवा नसू. परंतु आयुष्याच्या शेवटी मागे वळून पाहताना ज्याला आपल्या निर्णयाचा पश्चात्ताप वाटत नाही, त्याच्या मनाच्या बळाविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. २९ ऑगस्ट १९०६ रोजी, पंचाहत्तरी पार केल्यावर, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

मरणानंतर मात्र त्यांच्या नशिबाचा चढ सुरू झाला. कुसुमावती देशपांडे यांनी मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा आढावा घेतला, त्यात 'यमुनापर्यटना'कडे सहृदयतेने पाहिले. पुढे भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीचे तीन प्रवाह सांगितले. त्यांत भोवतालच्या जीवनाकडे थेट पाहणाऱ्या प्रवाहाचा उगम त्यांनी 'यमुनापर्यटना'त दाखविला. कल्पनारम्य प्रवाह 'मुक्तामाले'पासूनचा आणि ऐतिहासिक प्रवाह १८७१ साली निघू लागलेल्या 'मोचनगडा'पासूनचा. ह्या 'मोचनगडा'चे लेखक रामचंद्र भिकाजी गुंजीकर हेही बेळगावाकडचेच. तेव्हा सीमेवरच्या त्या मुलखाने मराठी कादंबरीला दोन आद्य लेखक दिले, हे आपण सीमेवरच्या लोकांनी अभिमानाने सांगायला हरकत नाही. ज्याला आपण परका समजून बाहेर ठेवले होते तोच घरातला वडील निघाला, अशी ही गोष्ट झाली.

आणि ज्या प्रश्नासाठी बाबांनी लेखणी उचलली होती त्याचे पुढे काय झाले? तो प्रश्न कोण्या एका धर्माच्या मालकीचा राहिला नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी फसलेल्या विधवांसाठी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुषांची तुलना करणारे सडेतोड पुस्तक लिहिले. त्या हिंदूच होत्या. पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या आणि १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. धोंडो केशव कर्वे हिंदू राहिले, त्यांनी विधवेशी लग्न केले आणि १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. १८९० नंतर हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी आली; तिच्यातील केशवपनाच्या प्रसंगाने महाराष्ट्राच्या डोळ्यांत पाणी आणले. त्या नायिकेचेही नाव यमुनाच. एका यमुनेचे रडणे समाजाने परधर्माच्या पुस्तकातले म्हणून ऐकले नाही. तिसाहून अधिक वर्षांनी दुसऱ्या यमुनेचे त्याला ऐकावेच लागले. बाबांना वाटत होते की ह्या रोगाचे औषध एकच आहे. येथे त्यांची दृष्टी अपुरी पडली. औषधे पुष्कळ निघाली आणि निरनिराळ्या धर्मांच्या माणसांनी ती आणली. पण रोग आहे, हे कथेच्या रूपाने मराठीत पहिल्याने सांगितले ते त्यांनी. वैद्याचे निदान बरोबर असले म्हणजे त्याच्या एका काढ्याविषयी मतभेद असला तरी त्याचा मान राखावा लागतो.

भगिनींनो, केशवपन गेले, बालविवाहाला कायद्याने बंदी झाली. तरी हा विषय इतिहासाच्या कपाटात ठेवून द्यावा असा झालेला नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ह्या गावाच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे ह्या चाली गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसे करावे असे कळविले. 'यमुनापर्यटना'नंतर एकशे पासष्ट वर्षांनी असा ठराव करावा लागतो, ह्याचा अर्थ आपणच समजून घ्यावयाचा.

आणि आपल्या भागाला तर हे निराळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या भूकंपाने किती घरांतील कर्ती माणसे नेली, ते उमरग्याच्या बायकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. दुष्काळाच्या आणि कर्जाच्या वर्षांतही आपल्या मराठवाड्यात कित्येक शेतकऱ्यांची घरे अशीच उघडी पडली. त्या घरांतील बायकांनी पदर खोचला, शेते केली, मुले शिकविली, मुलींची लग्ने लावून दिली. त्या बायकांना कोणा यमुनेने येऊन धीर देण्याची वाट पाहत बसायला वेळ नव्हता. पण संक्रांतीचे हळदीकुंकू आले, मुलीच्या लग्नात ओवाळण्याची वेळ आली, ओटी भरण्याची वेळ आली, की ज्या आईने एकटीने तो संसार उभा केला तीच मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहते. तिला कोणी हात धरून मागे नेत नाही, हेही खरे. ती आपली आपणच जाते. आणि आपण तिला पुढे बोलावीत नाही, हेही तितकेच खरे.

महिला मंडळ म्हणजे शिवणकाम, पापडलोणची आणि भजने एवढेच नव्हे. आपल्या आळीतील कोणती बाई मागच्या भिंतीशी उभी आहे, हे पाहणे हे मंडळाचे पहिले काम. यमुनेने आपल्या प्रवासात दुसरे काय केले? ती भेटलेल्या प्रत्येक बाईजवळ बसली आणि तिचे ऐकून घेतले. तेवढे करायला कोणाचा धर्म बदलावा लागत नाही, पैसा लागत नाही, आणि सरकारचे परिपत्रकही लागत नाही. येत्या संक्रांतीला तीळगुळाची वाटी आणि हळदीकुंकवाचे तबक घेऊन आपण त्या भिंतीपर्यंत चालत गेलो, तरी पुष्कळ झाले. त्या बाईने ते घ्यावे की न घ्यावे हा तिचा प्रश्न. ते तिच्यापर्यंत नेणे मात्र आपले काम.

बाबा पदमनजींची श्रद्धा त्यांच्यापाशी राहो, आपली आपल्यापाशी. पण घर हरवलेल्या ह्या कासाराच्या मुलाने आपल्या दुःखाची गोष्ट आधी न लिहिता आपल्याहून अधिक दुःखी असलेल्या बायकांची लिहिली, आणि स्वतःची हकीकत सांगायला पुढे पंचवीसतीस वर्षे थांबला, एवढ्यासाठी तरी मराठी बायकांनी त्याचे नाव विसरू नये. आपल्या गावच्या वाचनालयात 'यमुनापर्यटन' नसेल तर मंडळाच्या खर्चाने एक प्रत आणवावी, आणि श्रावणातील वाचनाला एखाद्या दुपारी ती उघडावी, अशी ह्या निमित्ताने मंडळाला नम्र सूचना आहे.